दोन सीटची वरात

२ फेब्रुवारी, सांगवी

गाडी आली. रंग पिवळा. हळदीला शोभावी म्हणून पिवळी घेतली, असं इंद्रजित सगळ्यांना सांगतो आहे. पुण्याच्या आधीच्या मालकाकडे अशी एकच गाडी होती आणि ती पिवळी होती, हे त्याने फक्त मला सांगितलं. मी कुणाशी फार बोलत नाही म्हणून असेल.

गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर उंच आहे. आमच्या अंगणाला चढ आहे. त्यामुळे उसाच्या ट्रॉलीच्या फळ्या काढून चढावर अंथरल्या, आणि आमचे वडील, आबा, पुढे उभं राहून दोन्ही हातांनी ‘ये, ये, ये, थांब’ करत राहिले. ताशी अडीचशे किलोमीटर पळू शकणारी गाडी मुंगीच्या पावलांनी आत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“नंदू, तू ह्यातली इंजिनीअर. सांग आबास्नी काय काय हाय गाडीत,” इंद्रजित म्हणाला. तो माझा भाऊ, माझ्याहून दीड वर्षाने मोठा, बारामतीत ठिबकचं दुकान चालवतो. मी चाकणजवळच्या एका कंपनीत गाड्या मुद्दाम भिंतीवर आपटून आत बसवलेल्या पुतळ्यांचं काय झालं ते मोजते. माझ्यासाठी स्थळ आलं की आई ‘गाड्यांच्या कंपनीत हाय’ एवढंच सांगते. आपटण्याचा भाग गाळते.

मी सांगितलं: सहा एअरबॅग. धडक बसताच छातीवर घट्ट आवळणारे पट्टे. दारांत पोलादी नळ्या. आणि पुढचा भाग मुद्दाम असा केलेला की तो चुरगळतो, म्हणजे धक्का गाडी खाते, माणूस नाही.

आबांनी बॉनेटवर टिचकी मारली. “म्हंजे मोडायसाठीच केलीया?”

“हो.”

“आनि ह्यानं पैसं दिऊन मोडकी आनली.”

“आबा, तसं न्हाय वं,” इंद्रजित म्हणाला.

“माझा ट्रॅक्टर बघ. झाडाला धडकला तर झाड पडतंय.”

ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचं काय होतं, हे विचारणार होते. तेवढ्यात आईने ओवाळायला ताट आणलं.

५ फेब्रुवारी

गाडी बारामतीला नेऊन नटवून आणली. नोंद करून ठेवते.

एक. सीटवर लाल मखमली कव्हर, त्यावर सोनेरी दोऱ्याने ‘आबांची कृपा’. हे सीटच्या कडेवरून घट्ट शिवून घेतलं आहे. बाजूची एअरबॅग तिथूनच बाहेर येते. आता तिला आधी आबांची कृपा फाडावी लागेल.

दोन. पट्टा लावला नाही की गाडी टुंगटुंग वाजते. त्यावर दुकानदाराने इलाज दिला: पट्ट्याच्या खाचेत अडकवायची एक नुसतीच चकती. गाडीला वाटतं पट्टा लागला. शेकडो माणसांनी काही वर्षं खपून तो आवाज माणसाला नकोसा होईल असा बनवला, तो एका चकतीने गप्प बसला. माझ्या खात्यात कुणी एवढ्या थोडक्यात काम संपवलेलं मी पाहिलेलं नाही.

तीन. डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावर नेमकी, आईने देवाची पितळी मूर्ती चिकटवली. मी म्हटलं, मूर्ती मधे ठेव, इथून फुगा बाहेर येतो. (घरात एअरबॅगला फुगा म्हणतात. मीही म्हणायला लागले आहे.)

“देव पुढं बसल्याव फुगा कशापाई लागतोय?” आई म्हणाली.

मी मूर्ती काढून मधे लावली. आईने ती पुन्हा डावीकडे लावली. मी पुन्हा मधे. संध्याकाळी ती मधेच होती. देवाला कंटाळा आला असावा.

७ फेब्रुवारी

लग्न पंधराला, नवरीच्या गावी, इंदापूर तालुक्यात वरकुट्याला. तिथून सांगवी पन्नासेक किलोमीटर. नवरीला घेऊन इंद्रजित स्वतः पिवळी गाडी चालवत येणार.

आज जेवताना प्रश्न निघाला की करवली कुठे बसणार. नवरीला सासरी आणताना नवऱ्याची बहीण नारळ ठेवलेला तांब्या घेऊन तिच्या शेजारी बसते. आमच्याकडे हे चुकत नाही. मान माझा आहे. पण गाडीला सीट दोन आहेत आणि मी अठ्ठावन्न किलोची आहे. दादासोमामांनी तोडगा काढला: “संस्कृतीला करा की करवली. बारकी हाय. नवरीच्या मांडीव बसंल.”

संस्कृती थोरल्या भावाची मुलगी. सहा वर्षांची. तिला नवा परकर-पोलका मिळणार म्हणून ती लगेच तयार झाली. मानपान वजनावर ठरताना मी प्रथमच पाहिला.

म्हणजे मांडणी अशी: सर्वांत मागे नवरी. तिच्या मांडीवर पट्ट्याविना सहा वर्षांचं मूल. मुलाच्या हातात तांब्या, तांब्यावर नारळ. आणि नारळापुढे हातभर अंतरावर एअरबॅग, जी पापणी लवायच्या आत उघडते. आमच्या कंपनीत इतकी वाईट चाचणी कुणी सुचवली तर त्याला घरी पाठवतील.

हे सगळं मी शांतपणे सांगितलं. इंद्रजित म्हणाला, फुगा बंद करू. मी म्हटलं, मग ती थेट पुढच्या काचेवर जाईल. मामा म्हणाले, “आगं, धडकंल तवा ना? तो काय आज गाडी शिकलाय व्हय?”

अनितावहिनी, संस्कृतीची आई, वाढत होती. तिने विचारलं, “नंदूताई, खरंच एवढं जोरात उघडतं?” मी हो म्हटलं. तिने सासूकडे पाहिलं, मग भाजी वाढली.

९ फेब्रुवारी

तोंडी सांगून समजत नसेल तर दाखवावं, असं आमच्या प्रशिक्षणात शिकवतात. भिगवण रस्त्याच्या भंगारवाल्याकडून चेपलेल्या गाडीतली एक न उघडलेली एअरबॅग आणली. खळ्यात पक्की बांधली. समोर तांब्या, त्यावर नारळ. सगळ्यांना लांब गोठ्याजवळ उभं केलं. ती कशी उडवली ते इथे लिहीत नाही. मामा ही वही वाचण्याची शक्यता आहे.

बार झाला. नारळ गोठ्याच्या पत्र्यावरून पलीकडच्या उसात गेला. तांब्याला पोचा पडला आणि तो आबांच्या पायांपर्यंत घरंगळत आला. म्हशीने दावं तोडलं.

सगळ्यांचे डोळे उसाकडे. मला वाटलं, समजलं.

मग मामा पुढे आले. “आरं तिच्या! पुन्यांदा लाव की!”

“एकच होती, मामा.”

“एकच आनली व्हय? आगं, वरमाला पडली की दोन्ही बाजूनं उडवू! त्या सुरसुऱ्या कोन बघतंय हल्ली?”

मी म्हटलं, “मामा, तो नारळ म्हणजे संस्कृतीचं डोकं समजा.”

सगळे एकदम गंभीर झाले. आई म्हणाली, “शुभ बोल की जरा. लगीनघर हाय.”

तर निष्कर्ष: या घरात मुलीला फुग्यापुढे बसवणं शुभ आहे, त्याविषयी बोलणं अशुभ.

अनितावहिनीने संस्कृतीचा हात धरला आणि तिला आत नेलं. जेवायलाही बाहेर आली नाही. आईने विचारलं, हिला काय झालं. प्रयोग फसला असं मी धरते.

नारळ अजून सापडलेला नाही.

१० फेब्रुवारी

प्रयोगाचा व्हिडिओ मामांनी सगळ्या पाहुण्यांना पाठवला. वरकुट्यालाही पोचला. संध्याकाळी राजलक्ष्मीचा फोन. ही होणारी वहिनी. कृषी पदविका झालेली आहे, एवढंच मला माहीत. साखरपुड्यात ती पूर्ण वेळ हसत होती, म्हणून मी तिच्याबद्दल फारसं मत केलं नव्हतं.

“ताई, त्यो नारळ किती लांब गेला?”

“सापडला नाही.”

“आनि लेकरू मांडीव आसंल तर ते माझ्यात आनि फुग्यात घावनार.”

“हो.”

“पट्टा दोघींस्नी मिळून लावला तर?”

“तर तुझं सगळं वजन तिच्यावर येईल. ते आणखी वाईट.”

मग ती म्हणाली, “तुमी सांगितलं न्हाय का घरी?”

“सांगितलं. चार वेळा. आकड्यांसकट.”

“आकड्यांसकट,” ती म्हणाली, आणि हसल्यासारखा आवाज आला. मग तिने विचारलं, “ताई, तुमचं वजन किती हाय?”

मी सांगितलं. आहेराच्या साडीसाठी असावं. साडीला वजन लागत नाही, हे वरकुट्यात कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

१४ फेब्रुवारी

हळद. अंगण पिवळं, गाडी पिवळी, इंद्रजित पिवळा.

दुपारी सगळे जेवत असताना गाडीतली ती चकती काढली. सीटच्या कव्हरची बाजूची शिवण ब्लेडने उसवली. कृपा शाबूत आहे.

रात्री झोप लागली नाही. डीजेचा आवाज फार होता. तो दहाला बंद झाला.

१६ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. आज क्रमाने लिहिते.

लग्न वेळेवर लागलं नाही, याची नोंद कशाला करायची. पाठवणीची वेळ झाली तेव्हा उन्हं उतरत होती. कार्यालयाबाहेर पिवळी गाडी फुलांनी झाकलेली. मामांनी डावीकडचं दार उघडून धरलं. संस्कृती नव्या परकरात, हातात तांब्या. मी चौथ्यांदा, म्हणजे खरं तर पाचव्यांदा, सांगायला पुढे झाले. मामा म्हणाले, “नंदू, आता न्हाय.”

राजलक्ष्मी रडून आली, दारापाशी थांबली आणि विचारलं, “करवली कुठं हाय?”

“ही काय,” मामांनी संस्कृतीला पुढे केलं.

“ही पुतनी झाली. आमच्यात सख्खी नणंद लागती. तिच्याबिगर पाय गाडीत टाकत न्हाईत.”

सगळे तिच्या वडिलांकडे बघायला लागले. ते तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, “व्हय… तसं हाय खरं.”

“आवं पर गाडी दोन सीटची हाय!” मामा म्हणाले.

“मग गाडी बारकी हाय, मामा. मान बारका न्हाय.”

वरकुट्याच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. सख्ख्या नणंदेला वगळलं, असं एकीने मोठ्याने म्हटलं. आईचा चेहरा उतरला. चार वेळा आकड्यांसकट सांगून जे झालं नाही, ते यानंतर एका मिनिटात झालं. आईच म्हणाली, “दादासो, तुजी जीप काढ. नंदू बसंल नवरीशेजारी.”

इंद्रजित म्हणाला, “आनि मी?”

“तुमी या की तुमच्या गाडीतनं,” राजलक्ष्मी म्हणाली. “येवढी सजवलीया.”

त्याला राग आला होता. कान लाल होते. तो एकटाच बसला आणि गाडी टुंगटुंग करायला लागली. चकती शोधली, मिळाली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. पट्टा ओढून लावला तेव्हा आवाज थांबला आणि गाडी धुरळा उडवत गेली.

जीपमध्ये मधल्या सीटचे पट्टे कव्हरखाली गाडलेले होते. ते उपसून काढायला वेळ लागला. नवरीला, संस्कृतीला, मला लावले, अनितावहिनीला पुढच्या सीटवर. तांब्या नारळासकट पायांशी. मामा पुढून म्हणाले, “इमानात बसल्यावानी करतीया.” राजलक्ष्मीने माझा हात धरला तो सोडला नाही. करवलीने धीर द्यायचा असतो म्हणून मीही काढून घेतला नाही.

लासुर्ण्याच्या अलीकडे गर्दी दिसली. दिवेलागण झालेली. रस्त्याच्या कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टर, एक चाक पंक्चर. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, नुसते उसाचे शेंडे बाहेर आलेले. आणि त्यांत पिवळं काहीतरी.

मी गाडी आधी पाहिली. सवय आहे. त्याने शेवटच्या क्षणी उजवीकडे घेतली होती. उजवी बाजू जशी व्हायला हवी तशीच झाली होती: पुढचा भाग ट्रॉलीच्या चाकावर आदळून चुरगळलेला, आतली चौकट सरळ, स्टिअरिंगचा फुगा उघडून बसलेला, कव्हर उसवलं होतं तिथून बाजूचा फुगा नीट बाहेर आलेला. गाडीने सगळं पाठ म्हटल्यासारखं केलं.

डावी बाजू ट्रॉलीखाली होती. गाडी इतकी बुटकी की चुरगळायला ठेवलेला इकडचा भाग ट्रॉलीला लागलाच नाही. तो खालून गेला, आणि ट्रॉलीचा लोखंडी कोपरा काचेतून आत आला, त्यापाठोपाठ मोळीभर ऊस. सीटची पाठ दिसत नव्हती. डावीकडचा फुगा उघडला नव्हता. सीटमध्ये वजन मोजणारं यंत्र असतं. सीटवर कुणी नाही, असं त्याने सांगितलं होतं. या लग्नात ज्याच्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवला गेला, असं ते एकटंच.

इंद्रजित रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता. शेरवानीवर फुग्याची पांढरी भुकटी, नाकातून रक्त, छातीवर पट्ट्याचा वळ. मी मान, पाठ, डोळे तपासले. नाव विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. मग तो म्हणाला, “नंदू, ती बाजू बघितली का?”

मी म्हटलं, बोलू नकोस.

मी त्याचं नाव पुन्हा दोनदा विचारलं, असं संस्कृती म्हणते. गर्दी होती, तिला नीट ऐकू आलं नसेल.

इंदापूरच्या दवाखान्यात नाकाचं हाड सोडून काही निघालं नाही. त्याला घेऊन सांगवीला आलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं. उंबऱ्यावर तांदळाचं माप. कुणीतरी, अंधारातून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, “घरात पाऊल टाकायच्या आधीच ही गत. पायगुन म्हनत्यात त्यो ह्योच.”

राजलक्ष्मी उंबऱ्याबाहेर उभी होती. मान खाली. आई माप ठेवलेल्या जागी तशीच वाकलेली, हलेना.

मी सहसा अशा वेळी आत जाते. काल म्हटलं, “पायगुण मोजायचा तर नीट मोजा. डाव्या सीटवर आज दोघी बसणार होत्या. तिथं आता ऊस आहे. ही अडून बसली नसती तर तुम्ही आत्ता माप ओलांडायला आला नसता, दुसऱ्याच कामाला आला असता.”

आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. अशुभ बोललेच, तेही लग्नघरात. कुणी टोकलं नाही. अनितावहिनी पुढे आली, राजलक्ष्मीच्या पायाशी वाकली, म्हणजे तिच्याहून मोठी असून वाकली, आणि पदर सरळ करून म्हणाली, “या आत.”

१८ फेब्रुवारी

कालपासून लोक गाडी बघायला येतात. ती क्रेनने आणून अंगणात ठेवली आहे. या वेळी चढावर फळ्या लागल्या नाहीत. पोरं तिच्यासमोर फोटो काढतात. इंद्रजित सुजलेल्या नाकाने फुगे दाखवतो. डावीकडे नेत नाही. मामा सांगतात, “म्या तवाच म्हनलं हुतं, फुगा म्हंजे फुगा!”

आबा सकाळी बारामतीला जाऊन आले आणि आमच्या दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे लाल चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवत बसले. मी विचारलं, कुठून आणल्या. म्हणाले, “पडल्या हुत्या घरात.” शेजारी फाडलेलं पाकीट होतं, दुकानाच्या पावतीसकट. मी खालच्या बाजूला आडवी नळी जोडून घ्यायला सांगितली, म्हणजे बुटकी गाडी आत घुसणार नाही. नेहमीप्रमाणे दोन वाद होतील म्हणून मुद्दे तयार ठेवले होते. आबा म्हणाले, “कितीवर जोडायची तेवढं सांग.”

संध्याकाळी राजलक्ष्मी माझ्या खोलीत आली. बोलता बोलता म्हणाली, तिच्या आईचा फोन आला होता. आई विचारते, सख्ख्या नणंदेची ही रीत तू आणलीस कुठून. आणि हसली. वजन का विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं: अठ्ठावन्न किलो कुणाच्या मांडीवर बसत नाहीत. मी हुशार आहे असं घरात समजतात.

मग ती हसायची थांबली. “ताई, खरं सांगा. संस्कृती मांडीव आसती तर?”

हे माझं रोजचं काम आहे. किती वेग, किती भार, कुठल्या हाडावर, किती वेळात. मला ते आकडे पाठ आहेत; पुतळ्यांच्या बाबतीत मी ते जेवतानाही सांगू शकते. मी पहिला आकडा सांगायला घेतला. मग मला चष्मा काढून ठेवावा लागला.

तिने दार लोटून घेतलं आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

बाहेर मामा कुणाला तरी सांगत होते, “पोरगी खेळतीया बघा हितं, सून घरात हाय. काय सुदिक झालं न्हाय!”

मामांच्या बोलण्यात मला पहिल्यांदाच दुरुस्ती सुचली नाही.